काही घेता का?

४ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांनी रोज लिहून ठेवायला सांगितलं आहे. गोळ्या किती वाजता घेतल्या, डोकं दुखलं का, डोळ्यांपुढे काही आलं का, भूक, झोप, "आणि एकूणच जे काही…" एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघू लागले. एवढं शिकून माणूस क्रियापदापर्यंत पोचत नाही म्हणजे कमाल आहे. मी मनातल्या मनात त्यांचं नाव अर्धविराम ठेवलं. त्यांच्यासाठी वेगळा कागद केला आहे, त्यावर फक्त आकडे. ही वही माझी.

वही गेल्या सालची, छापखान्याने भेट दिलेली. तारखा चालतात, पण वार एकाने मागे आहेत. रोज छापील वार खोडून खरा लिहावा लागेल. हरकत नाही, जन्मभर दुसऱ्यांचं खोडतच आले.

झालं ते असं. तीन आठवडे उजवं कानशील ठणकत होतं. फणी लागली तरी कळ यायची. जेवताना चार घास चावले की जबडा दमायचा. मग शनिवारी सकाळी प्रुफं तपासताना उजव्या डोळ्यावर पडदा उतरला आणि पान वरून खाली फिकं होत गेलं. मला वाटलं शाई कमी पडली. लगेच छापखान्याच्या मालकांना फोन करून झाडलं. ते म्हणाले, "अहो बाई, तेच पान माझ्यासमोर आहे, काळं कुळकुळीत आहे." दहा मिनिटांनी माझंही पान काळं झालं. मालकांची माफी मागितली नाही. त्यांच्या इतर चुका शिल्लक आहेत.

कानशिलातली रक्तवाहिनी सुजली आहे. तीच सूज डोळ्याकडे जाणाऱ्या वाहिनीत शिरली तर डोळा जातो, गेलेला परत येत नाही, आणि मागोमाग दुसराही जाऊ शकतो. उपाय एकच, स्टेरॉइडच्या गोळ्या, भरपूर, आजपासून, आणि आपल्या मनाने कमी करायच्या नाहीत. एवढी वाक्यं मला त्यांच्या तोंडातून ओढून काढावी लागली. मी एकेचाळीस वर्षं प्रुफांच्या कामात आहे. दुसरं काही मला येत नाही आणि दुसरं काही मला आवडतही नाही. भीती वाटली. एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

निघताना अर्धविराम म्हणाले, "बाकी काही घेता का? म्हणजे आपलं…" मी सहासष्ट वर्षांची बाई! म्हटलं, "डॉक्टर, आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी थेंबाला शिवलेलं नाही." ते गोंधळले, मग हसले, आणि कागदावर 'नाही' असं लिहिलं. शेजारी वहिनी रुमाल तोंडावर धरून हसत होत्या. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कुठलंही माणूस पहिल्यांदा आलं की त्याची ओळख द्यावी, असं मी लेखकांना समासात लिहीत आले. तेव्हा वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. मला त्या वन्सं म्हणतात. वाचताना ओळीखाली बोट धरतात आणि ओठ हलवतात. एक बातमी वाचायला त्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी आठ पानं काढते.

वहिनींचा काढ्यांवर विश्वास आहे. आज चार वाजता पेला घेऊन आल्या. आलं, कसली तरी सालं, तीन पाळंमुळं. "प्या वन्सं, एवढ्या कडक गोळ्या आहेत, अंगात शक्ती नको का?" म्हटलं, ठेवा. त्या गेल्यावर दोन घोट घेतले. जुनं गोणपाट उकळल्यासारखी चव. उरलेला खिडकीतल्या कुंडीत ओतला. कुंडीत क्रोटन आहे, त्याला काही म्हणायचं नसतं.

सकाळी बारा गोळ्या, न्याहारीनंतर. डोकेदुखी निम्मी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डोकेदुखी गेली! जबडाही दमत नाही. काडी पुन्हा नीट चघळता येते आहे.

काडीचं सांगायचं राहिलं. नोकरीची पहिली अकरा वर्षं मी तपासनीस नव्हते, वाचक होते. मूळ प्रत मोठ्याने वाचायची, समोरचा माणूस प्रूफ तपासणार. नुसते शब्द नाहीत, चिन्हांसकट. 'तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू नाही उद्गारचिन्ह अवतरण बंद.' दिवसाला आठ तास. घसा गेला तो गेलाच. तेव्हापासून ज्येष्ठमधाची काडी तोंडात असते. टेबलावर पेन्सिलींच्या डब्यात पेन्सिली आणि काड्या एकत्र उभ्या. दादा म्हणायचा, "आमच्या धाकटीच्या सवयी दोनच, काड्या चघळणं आणि काड्या घालणं." त्याचे विनोद त्याच्यासारखेच होते, साधे आणि पुन्हापुन्हा येणारे. आता येत नाहीत.

काढा कुंडीत.

८ फेब्रुवारी, रविवार

आज वरची आली. वरच्या मजल्यावर राहते म्हणून वरची, आणि सगळ्यांच्या वरचं तिला कळतं म्हणूनही. फोनवर चित्रफिती बघून बघून तिचं वैद्यकाचं शिक्षण पूर्ण झालेलं आहे. "स्टेरॉइड म्हणजे विष हो! हळूहळू बंद करा नि ही पावडर सुरू करा. अगदी नैसर्गिक आहे." म्हटलं, विंचूही नैसर्गिक असतो. पावडरीच्या डबीवर 'शक्तीवर्धक' छापलं होतं. ज्याला 'शक्तिवर्धक' लिहिता येत नाही तो माझी शक्ती काय वाढवणार? तिने एक मोठं पिवळं ग्रेपफ्रूटही आणलं होतं. "याच्या रसाने शरीर धुऊन निघतं." उचलली जीभ लावली टाळ्याला.

ती गेल्यावर वहिनी डबी आणि फळ घेऊन कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेल्या. बरोबर एक कागदही नेला. काय काय लिहिलं होतं कोण जाणे, त्यांची यादी आणि त्यांचं अक्षर. दुकानातल्या औषधवालीशी अर्धा तास बोलून आल्या. फळ स्वयंपाकघरातून गायब झालं. विचारलं, तर म्हणाल्या, "ती म्हणाली, या गोळ्यांबरोबर नको." आता औषधं विकणारी पोर फळांवरही बोलते. अडाण्यांचा सल्ला अडाण्यांनी घ्यावा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काढा आज अगदी पाणचट दिसला. वासही तो नाही. वहिनी दमल्या वाटतं, किंवा पाळंमुळं संपली. क्रोटनची तीन पानं गळली होती, ती उचलून टाकली. पेला कुंडीत.

न्यायाधीशांच्या आत्मचरित्राची एकशेसाठ पानं झाली. एकूण सहाशे आहेत. 'मी' हा शब्द एका पानावर एकोणीस वेळा आला. एवढा मोठा न्याय करणारा माणूस, पण दुसऱ्या कुठल्या सर्वनामाला न्याय दिला नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

न्यायाधीशांना आज सुट्टी. छापखान्यातून एक चार पानी पत्रक आलं, इस्पितळासाठी. 'स्टेरॉइडच्या गोळ्या घेताना काय खावे, काय टाळावे'. मालक फोनवर म्हणाले, "बाई, हे तुमच्याच कामाचं आहे." म्हटलं, माझ्या कामाचं काय आणि बिनकामाचं काय ते माझं मी ठरवीन, तुम्ही शाईकडे बघा.

काय ते पत्रक! सदतीस चुका. 'ऊच्च रक्तदाब'. 'दूष्परिणाम'. 'पोटॅशियम' दोन ठिकाणी, 'पोटॅशिअम' तीन ठिकाणी. आणि 'जेष्ठमध'! एकदा नव्हे, चार वेळा. ज्या वस्तूची काडी तीस वर्षं माझ्या तोंडात आहे तिच्या नावाची अशी चिरफाड बघवेना. काडी दाढेखाली धरून चारही ठिकाणी 'ज'ला 'य' जोडला आणि समासात लिहिलं, 'ज्येष्ठांचा मान राखावा.' बघू दे लिहिणाऱ्याला.

माझी पद्धत लिहून ठेवते, आजकाल कुणाला येत नाही. मी शेवटच्या शब्दापासून उलट वाचते. माझे पहिले साहेब सांगायचे, "मजकुरात शिरलीस की चूक सुटली. अर्थ लेखकाचा, अक्षर आपलं." सरळ वाचणारा पुढचा शब्द काय येणार ते ओळखतो आणि चुकीचा शब्दही बरोबर वाचतो. उलट वाचलं की प्रत्येक शब्द एकटा उभा राहतो, लपायला जागा नसते. चार पानं पाऊण तासात. एक चूक सुटली असेल तर दाखवा.

वहिनींनी विचारलं, "कशाबद्दल आहे हो ते?" म्हटलं, खाण्याबद्दल काहीतरी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भूक. गोळ्यांनी भूक वाढते म्हणे, पण ही भूक नव्हे, दुष्काळ आहे. जेवण होऊन तासही होत नाही तोच दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून हुंगते. वहिनींनी पाहिलं. उद्यापासून भूक लागली की काडी. पूर्वी दिवसाला दोन पुरायच्या, आता नऊ-दहा. वजन तरी वाढणार नाही. दुकानदाराकडे दुसरी जुडी मागितली तर म्हणतो, "बाई, लाकडाची वखार काढता काय?" त्याच्या पाटीवर 'किराना' आहे, 'किराणा' नव्हे. अशा माणसाने विनोद करू नये.

डोळे छान. शेवटच्या ओळीचं बारीक अक्षरसुद्धा दिसतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

चेहरा गोल झाला आहे. घोट्यांवर बोट दाबलं की खळगा पडतो. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं, पाय पोतं बांधल्यासारखे. वय झालं, दुसरं काय.

क्रोटनला नवं पान फुटलं आहे. काढा मानवतो दिसतो त्याला. कुणालातरी मानवतो म्हणायचा.

३ मार्च, मंगळवार

सकाळी छातीत पाखरू फडफडावं तसं झालं. पेन्सिल हातातून दोनदा पडली. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, डॉक्टरांना फोन करते." म्हटलं, करा, ते 'हॅलो' तरी पूर्ण म्हणतात का बघा. त्यांनी खरंच केला. परवा बोलावलं आहे.

पायांत गोळे. कंटाळा. न्यायाधीश पान चारशे दहा.

६ मार्च, शुक्रवार, इस्पितळ

काल सकाळी खुर्चीतून उठायला गेले आणि पाय उठले नाहीत. दुखत नव्हते, बधिर नव्हते, नुसते उठेनात. वहिनींनी उचलायचा प्रयत्न केला. सत्तरीची बाई, मुठीएवढी. दोघीही जमिनीवर. मग रुग्णवाहिका.

रक्तदाब एकशे नव्वद. रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलं आहे, म्हणून पाय गेले आणि म्हणूनच छातीत फडफड. सलाइनमधून पोटॅशियम चाललं आहे. ते शिरेत जाताना हात जळतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. सहा खाटांची खोली. समोरच्या भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलं आहे आणि त्याखाली दोन परिचारिका मोठ्याने बोलतात. पर्समध्ये काड्यांची जुडी होती म्हणून वेळ जातो तरी.

७ मार्च, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

अर्धविराम आले. म्हणाले, "गोळ्यांनी पोटॅशियम थोडं उतरतं, पण इतकं… असंच राहिलं तर गोळी झटकन कमी करावी लागेल. आणि इतक्या लवकर कमी केली तर डोळा…" हे एक वाक्य मी स्वतः पूर्ण केलं. मग त्यांनी विचारलं, "घरी आणखी काही देत होतं का कुणी? काढे, चूर्णं…"

वहिनी खाटेपाशी उभ्या होत्या, हातात डबा.

मी म्हटलं, "वहिनींचे काढे. रोज. महिनाभर."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. आज त्यांना पूर्ण वाक्यं येत होती. "आजी, पेशंटचा जीव गेला असता. विचारायचं तरी एकदा." सगळी खोली ऐकत होती. वहिनी लाल झाल्या. वाटलं, आता काहीतरी बोलतील. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुन्हा नाही देणार." डबा टेबलावर ठेवून गेल्या.

मी खोटं बोलले नाही. पहिल्या दिवशी दोन घोट घेतले होते. पाळंमुळांचं काही सांगता येत नाही, दोन घोटही पुरत असतील.

९ मार्च, सोमवार

वहिनी काल आल्या नाहीत, आजही नाहीत. डबा वरचीबरोबर पाठवला. वरची म्हणाली, "त्यांनी घरातल्या सगळ्या मुळ्या फेकून दिल्या हो. एकट्याच बसून असतात." मग मला विचारलं, माझी पावडर तरी घेतलीत ना? म्हटलं, तुमच्या पावडरीचा माझ्यावर एकच उपकार, ती मी घेतली नाही.

काढा बंद होऊन चार दिवस झाले. पोटॅशियम इकडून भरतात, तिकडून गळतं. रक्तदाब जागचा हलत नाही. अर्धविराम कपाळाला हात लावून उभे होते. "उद्या संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये फरक नसेल तर बुधवारपासून गोळी निम्म्यावर…"

सकाळी उजवा डोळा झाकून डाव्याने भिंतीवरची पाटी वाचली, मग डावा झाकून उजव्याने. दोन्ही आहेत. दिवसभरात वीसएक वेळा तरी हेच करत होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं मी तिला डोळा मारते आहे.

वहिनी आल्या असत्या तर बरं झालं असतं. का ते लिहीत नाही.

१० मार्च, मंगळवार

दुपारी वहिनी आल्या. बसल्या. खाटेच्या कडेला परिचारिकेने ठेवलेलं पत्रक होतं, त्यांनी उचललं आणि वाचायला लागल्या. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. मी डोळे मिटून घेतले. अशा वेळीही मनात आलं, या वेगाने चार पानं म्हणजे संध्याकाळ होणार.

बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा त्याच ओळीवरून फिरलं. मग त्या हलक्या आवाजात वाचायला लागल्या, "'ज्येष्ठमध स्टेरॉइडचा परिणाम वाढवतो, शरीरातले पोटॅशियम कमी करतो, रक्तदाब वाढवतो. ज्येष्ठमधाची काडी चघळणे, काढा, गोळ्या, सर्व प्रकार पूर्णपणे टाळावेत.'" मान वर केली. "वन्सं, तोंडात काय आहे तुमच्या?"

मी काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली होती. तशीच थांबले.

"अहो, हे औषध नव्हे," मी म्हटलं. "घशासाठी आहे. हे काय घेणं झालं? हे नुसतं चघळणं."

"इथे चघळणंच लिहिलंय."

"दाखवा." पत्रक घेतलं. कागद ओळखीचा, टाइप ओळखीचा. 'ज्येष्ठमध', चारही ठिकाणी, 'ज'ला 'य' नीट जोडलेला. "हे मीच केलंय," मी म्हटलं. "हे पत्रक माझ्याच हातून गेलंय."

"मग वाचलं नाहीत?"

"तपासलं."

मी काडी हातावर काढली. दाढांनी ठेचलेली, पिवळी, ओली. सकाळपासूनची सहावी. पर्समधली जुडी काढून वहिनींकडे दिली. त्या मोजत बसल्या नाहीत, तशाच उठून परिचारिकेकडे गेल्या. मी पत्रक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सरळ वाचलं. ग्रेपफ्रूट टाळावे. शक्तिवर्धक पावडरी टाळाव्यात. डॉक्टरांना न विचारता काढे घेऊ नयेत. खारट कमी. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'रुग्ण ज्या वस्तूला औषध समजत नाही तीच अनेकदा घातक ठरते.' वाक्य चांगलं होतं. त्यात एकही चूक नव्हती, म्हणून मला आठवत नव्हतं.

अर्धविराम धावत आले. काडी बघितली, जुडी बघितली. "दिवसाला किती?" दहा. "कधीपासून?" तीस वर्षं, पण दहा अलीकडे, भुकेसाठी. त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. मग म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, काही घेता का म्हणून." म्हटलं, "तुम्ही वाक्य पुरं केलं नाहीत." ते म्हणाले, "तुम्ही करू दिलं नाहीत, बाई."

पूर्णविराम. तोही त्यांनी दिला.

१२ मार्च, गुरुवार

पोटॅशियम चढतं आहे. हळू, पण चढतं आहे. ज्येष्ठमधाचा अंमल अंगातून उतरायला एक-दोन आठवडे लागतील, तोवर रक्तदाबाकडे लक्ष. गोळी कमी करायची गरज नाही, ठरल्याप्रमाणे सावकाशच उतरवायची. डोळा राहिला. हे वाक्य तीनदा लिहावंसं वाटतं आहे, पण पुनरुक्ती मला चालत नाही.

दुसरं एक काम राहिलं होतं. काल दिवसभर टाळलं. आज डॉक्टर आले तेव्हा वहिनी होत्या. म्हटलं, "डॉक्टर, शनिवारी मी वहिनींचं नाव घेतलं ते चुकीचं होतं. काढा मी प्यायलेच नाही. दोन घोट सोडले तर रोजचा पेला कुंडीत ओतला. त्यांना तुम्ही जे बोललात ते माझ्यामुळे." सगळी खोली ऐकत होती. शनिवारीही ऐकत होती, तेव्हा हिशेब बरोबर. माझा आवाज बसला होता आणि काडी नव्हती.

डॉक्टरांनी वहिनींची माफी मागितली. पूर्ण वाक्यात. वहिनी म्हणाल्या, "असू दे हो."

ते गेल्यावर म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय?"

"कुंडीचं. पानं गळायला लागली तेव्हाच कळलं. वास येत होता ना मातीला. आणि औषधवालीनेही सांगितलं होतं, काढे नकोत. त्या रविवारी मी सगळी यादी नेली होती. तेव्हापासून तुम्हाला नुसतं गरम पाणी देत होते, वेलदोड्याची टरफलं टाकून, रंगाला."

म्हणजे महिनाभर त्यांनी मला पाणी दिलं आणि मी पाणी ओतलं.

"मग नुसतं पाणी कशाला आणत होतात?"

"चार वाजता तुमच्या खोलीत यायला काहीतरी निमित्त लागतं, वन्सं. रिकाम्या हाताने आलं की तुम्ही विचारता, काय काम आहे."

हे खरं आहे. मी विचारते.

"आणि शनिवारी डॉक्टरांना का नाही सांगितलंत? पाणी होतं म्हणून?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ओतता हेही सांगावं लागलं असतं. एवढ्या माणसांत." मग म्हणाल्या, "राग आला होता. खोटं कशाला बोलू? दोन दिवस आले नाही. पण यादीत मी सगळं लिहिलं होतं, माझे काढे, वरचीची पावडर, फळ, मीठसुद्धा. तुमच्या काड्या नव्हत्या त्यात. तीस वर्षं तुमच्या तोंडात बघते आहे, मला त्या दिसतच नव्हत्या. मीही चुकलेच की."

त्या चुकल्या नाहीत. हे मी त्यांना तोंडाने सांगितलं नाही, जमलं नाही. इथे लिहिते. मी वाईट वागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा काखेत ठेवून दुसऱ्याला चोर म्हणणाऱ्या बाईला काय म्हणतात, ती म्हण मला माहीत नाही.

१७ मार्च, मंगळवार, घरी

जिना एका दमात नाही, पण चढले. वरची दारातच उभी होती. "बघा, नैसर्गिक वस्तूंनीसुद्धा अपाय होतो," हे तिने मला सांगितलं. मला! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तिचाही आणि माझाही.

पेन्सिलींच्या डब्यात आता नुसत्या पेन्सिली आहेत. हात अजून तिथे जातो. घशासाठी कोमट पाण्याच्या गुळण्या. आज एकदा चुकून पेन्सिल चघळली.

मालकांना फोन केला, पत्रकाची पुढची आवृत्ती कधी? पुढच्या आठवड्यात. म्हटलं, प्रूफ मला पाठवा, एक दुरुस्ती आहे. ते म्हणाले, "बाई, तुमच्या हातून चूक सुटली?" म्हटलं, चूक नाही, अर्थ सुटला. शिवाय त्या शनिवारच्या शाईबद्दल माफी मागितली. त्यांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

२४ मार्च, मंगळवार

प्रूफ काल आलं. सरळ वाचलं, पहिल्या शब्दापासून. फार वेळ लागतो. मध्येच एके ठिकाणी ओळीखाली माझंच बोट दिसलं, काढून घेतलं. पहिल्या पानावर डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न छापला आहे, 'इतर काही घेता का?' तो खोडला. समासात लिहिलं, 'तोंडात दिवसभरात काय काय जाते ते सर्व सांगा. चघळता तेही. औषध वाटत नाही तेही.' एकेचाळीस वर्षांत लेखकाच्या अर्थाला मी पहिल्यांदा हात लावला. अर्धविरामांनी मान्य केलं म्हणे, जसंच्या तसं.

चार वाजता वहिनी पेला घेऊन आल्या. टेबलावर ठेवला. मी काय काम आहे म्हणून विचारलं नाही. दुसरी खुर्ची प्रुफांनी भरलेली होती, ती रिकामी केली. त्या बसल्या.

पेला उचलला. गरम पाणी, टरफलंही नव्हती. कसलीही चव नाही. सगळं प्यायले आणि पेला खाली ठेवला.

वहिनींनी वाकून पेल्यात पाहिलं, मग खिडकीतल्या कुंडीकडे. "मग आज त्याला मी घालते पाणी," म्हणाल्या, आणि उठल्या.